वाक्य देणारी बाई

मला नोकरी हवी होती आणि ती महिनाअखेरीच्या आत हवी होती. नाहीतर हे भाड्याचं घर सोडून आम्हा नवरा-बायकोला थोरल्या दिरांकडे, त्यांच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायला जावं लागणार होतं. खोली वाईट नव्हती. दीर तर मुळीच वाईट नव्हते. पण त्या खोलीत एकदा सामान लावलं की आम्ही तिथून परत बाहेर पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी नाटकात होते. एवढं सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात, आणि प्रॉम्प्टर होते म्हटलं की विझतात. विंगेतल्या अंधारात उभं राहायचं, एका हातात संहिता, दुसऱ्या हातात छोटी बॅटरी, आणि नट विसरला की त्याला वाक्य द्यायचं. मंडळीत मला सगळे कुजबुज म्हणायचे. माझा नवरा दिवे सांभाळायचा, म्हणून तो उजेड. 'हा काय उजेड पाडणार' हा विनोद त्याच्यावर इतक्या वेळा झाला होता, की पुढेपुढे तो स्वतःच आधी करून टाकायचा.

मग मालकांनी थिएटर विकलं. तिथे आता सोफे मिळतात. आणि ते दुःख पुरतं करून होतंय न होतंय तोच उजेडला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. गेले म्हणजे आत आहेत म्हणे, पण हाताला लागत नाहीत. वाचा-उपचारांच्या बाईंनी मला बजावून सांगितलं होतं, "ते शब्द शोधत असले की मध्ये बोलू नका. कितीही वेळ लागू दे, गप्प बसा."

हे कुणाला सांगत होत्या? मला! समोरचा माणूस वाक्याच्या मध्ये अडकला की माझ्या जिभेला कुणीतरी चिमटा काढतं. ती सवय नाही, ते माझं पोट भरायचं साधन होतं. तो "मला..." म्हणाला की मी लगेच "पाणी? चहा? खिडकी लावू?" करायचे. तो मान हलवायचा आणि मी खिडकी लावायचे.

दीर आले तेव्हाही तेच झालं. त्यांचा स्वभाव मोकळा आणि आवाज त्याहून मोकळा. पलंगापाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काय रे, येशील ना आमच्याकडे? तुझी वहिनी सारखी म्हणतेय, आणा त्यांना."

उजेड म्हणाला, "मला... तुझ्याकडे..." आणि अडकला. दीर बघतायत, मी बघतेय, घड्याळ वाजतंय. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "यायला आवडेल."

दिरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. उजेडने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग मान भिंतीकडे वळवली. दमला असेल, असं मला वाटलं. ठरलं असं, की महिनाअखेरीपर्यंत मला काही काम मिळालं तर ठीक, नाहीतर शेवटच्या रविवारी दीर टेम्पो घेऊन येतील.

माझे अर्ज धाकटी बहीण लिहायची, कारण तिच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि माझ्याबद्दल तिला जरा जास्तच अभिमान आहे. तिने कुठूनतरी एक नमुना मिळवला आणि तोच सगळीकडे पाठवला. त्यामुळे सांडपाण्याचे पाइप बनवणाऱ्या कारखान्याला मी कळवलं, की आपल्या क्षेत्रात काम करण्याचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. फोटो हवा होता. प्रॉम्प्टरचा फोटो कोण काढतो? मंडळीच्या एका जुन्या फोटोत मी पडद्याआडून डोकावत होते, तेवढं तिने कापून लावलं. अर्जावर माझा एक डोळा, अर्धं नाक आणि पडद्याची झालर होती.

तरीही दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिलं काम तक्रारींचे फोन घ्यायचं होतं. चाचणीसाठी तिथला एक माणूस गिऱ्हाईक बनून बोलू लागला, "बाई, मी तुमचा मिक्सर घेतला, पण तो..." आणि थांबला. मी म्हटलं, "तो पेटला." तो गडबडला. "नाही, म्हणजे आवाज..." मी म्हटलं, "आवाज करून पेटला, आता तुम्हाला पैसे परत हवेत आणि वर नुकसानभरपाई." तो माणूस म्हणाला, बाई, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

दुसरं एका मोठ्या दवाखान्यात होतं. पेशंटची नावं पुकारायची. ही नोकरी माझीच म्हणून मी निघाले होते. पण मला आयुष्यभर एकाच माणसाला ऐकू जाईल असं बोलायची विद्या शिकवलेली! मी नाव पुकारलं आणि फक्त पहिल्या बाकावरच्या आजोबांना ते ऐकू आलं. त्यांचं ते नाव नव्हतं, पण इतक्या आपुलकीने हाक आली म्हणून ते उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले. बाहेर सगळे हसले. मीही हसले, आणि जिन्यात येऊन रडले.

हे सगळं मी उजेडला सांगायचे. तो हसायचा. हसायला त्याला शब्द लागत नसत.

मग शेवटच्या आठवड्यात ते बोलावणं आलं. अंध मुलांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी संस्था. काचेच्या खोलीत एकजण वाचणार, बाहेर कुणीतरी पुस्तक समोर धरून शब्द न् शब्द ताडून बघणार आणि चूक झाली की खूण करून ठेवणार. ते मी तीनदा वाचलं. हे काम जगात कुणासाठी असेल तर माझ्यासाठी होतं. बहिणीने सांगितलं, "ताई, ते विचारतील, ही नोकरी का हवी. तू भावुक होऊन काहीबाही बोलशील. उत्तर पाठ कर." मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठ केलं. उजेडपुढे रोज म्हणून दाखवायचे. तो डावा अंगठा वर करायचा.

मुलाखतीच्या दिवशी शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि एक टायवाला. चाळिशीचा असेल. टाय बहुतेक मुलाच्या शाळेचा होता, कारण तो छातीच्या मध्यावर संपत होता. बाहेरच्या बाकावर तो मला म्हणाला, "मी छापखान्यात होतो. बंद पडला. माझी ही सहावी..." मी म्हटलं, "मुलाखत." तो म्हणाला, "हो."

आत संचालकबाई आणि त्यांचे एक तंत्रज्ञ बसले होते. वेळ कमी आहे, असं म्हणून त्यांनी आम्हाला एकदमच आत घेतलं आणि शेजारी-शेजारी बसवलं. बाईंनी आधी टायवाल्याला विचारलं, "तुम्हाला ही नोकरी का करावीशी वाटते?"

तो म्हणाला, "मला ही नोकरी..." आणि गप्प.

नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे मला पाठमोऱ्या माणसाचंही कळतं. मुद्दाम थांबलेला श्वास धरून ठेवतो. विसरलेल्याचा श्वास आधीच संपलेला असतो आणि गळ्याची घाटी खालीवर होते. टायवाल्याची घाटी टायच्या गाठीत अडकून नाचत होती. तो बुडत होता. आणि मी, देवा शपथ, काही ठरवलं नाही. मी समोरच्या फुलदाणीकडे बघत, ओठ न हलवता वाक्य दिलं.

"...हवी आहे, कारण लिहिलेला शब्द आणि बोललेला शब्द यांच्यामध्ये उभं राहायची मला सवय आहे."

त्याने ते घेतलं. आणि काय घेतलं! आवाज भरदार होता मेल्याचा. मी पुढचं दिलं, त्याने पुढचं घेतलं. चूक झाल्यावर वाचणाऱ्याला लाज न वाटू देता ती दुरुस्त कशी करायची, हे माझं वाक्य. ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकाचं पान दिसत नाही, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट, हेही माझंच. कुठे थांबायचं तेसुद्धा मी त्याला दिलं आणि तो थांबला. तंत्रज्ञ पुढे झुकला. बाईंनी चष्मा काढला. इतका सुंदर प्रयोग माझ्या हातून कित्येक दिवसांत झाला नव्हता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आनंदच होत होता.

उत्तर संपलं. बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. मी तोंड उघडलं. माझा श्वास संपला होता. मी डावीकडे पाहिलं, विंगेत कुणी असावं तसं, पण तिथे फायलींचं कपाट होतं. मी म्हटलं, "तेच."

"तेच म्हणजे?"

"ह्यांनी सांगितलं तेच."

टायवाल्याने खाली मान घातली. त्याचे कान लाल झाले होते. तो सांगेल, असं मला वाटलं. वाटलं कसलं, मी मनातल्या मनात त्याला वाक्य देत होते, बोल ना रे बाबा, बोल. पण ते काही त्याला ऐकू गेलं नाही.

बाई मात्र मूर्ख नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही मघाशी त्यांना सांगत होता ना?"

"सवय आहे हो," मी म्हटलं. "नाटकात होते."

त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि तेच मला सहन होईना. त्या म्हणाल्या, "उत्तर तुमचं होतं हे कळलं मला. पण इथे माइक चालू असतो. वाचणारा थांबला तर थांबू द्यावं लागतं. एक शब्द जरी मध्ये आला तरी सगळं ध्वनिमुद्रण वाया जातं. तुम्हाला गप्प बसणं जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. "बाई, नक्की जमेल. मला ह्या नोकरीची फार गरज आहे."

"मला तुमच्याबद्दल खात्री आहे. फक्त एवढंच वाटतं, की तुमचा हा जो..." त्या शब्द शोधत थांबल्या.

"उतावळेपणा," मी म्हटलं.

तंत्रज्ञाने पेन खाली ठेवलं. बाई हळूच म्हणाल्या, "हो. तोच."

बाहेर टायवाला माझ्या मागे धावत आला. "ताई, मी... मला तुम्हाला..." आणि अडकला. यावेळी मी त्याला काहीही दिलं नाही. रागाने दिलं नाही. तो तसाच उभा राहिला आणि मी बस पकडली.

घरी आले तर उजेड पलंगावर टेकून बसला होता. त्याने डावा अंगठा वर केला, प्रश्नासारखा. मी चपला काढल्या, पर्स फेकली आणि जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. टायवाला, फुलदाणी, उतावळेपणा. तो हसला नाही. मी म्हटलं, "झालं. रविवारी टेम्पो येईल. भाऊजींना सांगते, दुपारनंतर या म्हणून."

तो म्हणाला, "मला..."

पाणी, माझ्या जिभेवर आलं. मी दातांखाली जीभ धरली. खरंच धरली, दुखेपर्यंत. दिवसभरात हिने माझं पुरेसं वाटोळं केलं होतं.

"मला... दा..."

त्याचं कपाळ घामाने भिजलं. घाटी हलली. डाव्या हाताने त्याने चादर मुठीत धरली. औषध? दार? दिवा? माझ्या डोक्यात सगळे शब्द दाराशी रांग लावून उभे होते. मी एकालाही सोडलं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासून संपवली, इतका वेळ गेला.

"मला... दादाकडे... नको."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो थांबला नव्हता, अजून शोधत होता.

"तेव्हा... पण... नको."

तेव्हापण. म्हणजे दीर खुर्ची ओढून बसले होते तेव्हा. मी "यायला आवडेल" म्हटलं तेव्हा. परक्या माणसाच्या घाटीवरून मी त्याचं मन ओळखलं, आणि ह्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढून मला ह्याचं ओळखू आलं नाही. किती दिवस मी ह्याला नको असलेलं पाणी पाजत होते, नको असलेल्या खिडक्या लावत होते! मला त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि मी रडलेच. त्याने डावा हात माझ्या केसांवर ठेवला.

आता माझ्याकडे नोकरी नव्हती, घर जाणार होतं, आणि ज्याच्यासाठी जायचं त्यालाच तिथे जायचं नव्हतं. काय करायचं ते मला कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पण निदान हे वाक्य तरी ज्याचं होतं त्याने बोलायला हवं होतं. मी दिरांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"हां, बोल कुजबुज! काय झालं नोकरीचं?" दिरांचा आवाज खोलीभर झाला.

मी गप्प.

"हॅलो? हॅलो?"

"दादा," उजेड म्हणाला.

"अरे वा! तू बोलतोयस! बोल बोल, काय म्हणतोस?"

"मला... तुझ्याकडे..."

मी दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. तो शोधत होता, जवळ आला होता, मला दिसत होतं. अजून थोडं. अजून थोडा वेळ द्या त्याला.

"यायचंय ना?" दीर आनंदाने म्हणाले. "अरे कळलं रे मला, कशाला उगाच त्रास घेतोस! रविवारी सकाळीच येतो टेम्पो घेऊन." आणि फोन बंद झाला.

उजेडने डोळे मिटले. त्याचे ओठ अजून हलत होते.

मी त्याचं कपाळ पुसलं आणि फोन पुन्हा लावला.