ग्राशियानाच्या जागेवरची मेणवात

ग्राशियानाला मातीत ठेवलं त्या आठवड्यातच शेजारची मादालेन ग्राशियानाची मेणवातीची फळी मागायला आली. गावच्या जुन्या चर्चमध्ये पुरुष वरच्या लाकडी सज्जांत बसतात आणि बायका खाली. फरशीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली. फळीवर गुंडाळलेली मेणवात घरची बाई तिथं आपल्या मेलेल्यांसाठी लावते. घरात बाई उरली नाही की ते काम शेजारणीचं.

ग्राशियानाचा नवरा एर्रामुन फळी देईना. मधमाश्यांची पोळी आपली, मेण आपलं, बायको आपली, तेव्हा वातही आपणच लावणार, असं त्यानं सांगितलं. लोक हसतील, असं मादालेन म्हणाली. हसू देत, म्हणाला.

शनिवारी त्यानं वितळलेल्या मेणातून वात ओढली आणि थंड गोठ्यात बसून फळीवर करकचून गुंडाळली.

रविवारी फळी काखेत मारून तो पूल उतरला. खिंडीपलीकडून चोरून माल आणणारा म्हणून पुलाशी पहारा देणारे सरहद्दीचे शिपाई त्याला ओळखून होते. एकानं फळी उलटीपालटी करून पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं.

"बायकोसाठी उजेड," एर्रामुन म्हणाला. शिपायानं फळी परत दिली.

कबरींवरच्या गोल दगडांमधून तो चर्चच्या दाराशी आला. जिन्यात पेत्री उभा होता, त्याचा चेंडूच्या खेळातला जुना जोडीदार.

"जिना इकडे आहे, गड्या. का आता बायकांसारखा डोक्याला काळा रुमाल बांधणार?"

एर्रामुन खालीच गेला. बायकांनी पाय आवरून वाट दिली. ग्राशियानाच्या जागेवर गुडघे टेकून त्यानं वात पेटवली. जळेल तशी ती उलगडत न्यावी लागते. त्यानं ओढली आणि ती तुटली, विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा तुटली. वर कुणीतरी हसलं. त्याचे कान तापले, पण तो उठला नाही.

शेजारच्या जागेवरून मादालेननं हात पुढे केला नाही. ती हळूच म्हणाली, "कोटाच्या आत धर. ऊब लागू दे. ती तसंच करायची."

त्यानं फळी छातीशी धरली. वर गाणं सुरू झालं, संपलं. मेण मऊ झालं तसं त्यानं वातीचं टोक बोटानं सोडवलं आणि तिसऱ्यांदा काडी ओढली. या वेळी वात उलगडत गेली. शेवटच्या प्रार्थनेपर्यंत ती जळत होती.

बाहेर पडताना मादालेन म्हणाली, "पुढच्या वेळी चुलीजवळ बसून गुंडाळ."

"गुंडाळीन," तो म्हणाला.