सुगंधाआजीचा मोर्चा

घाटकोपरच्या एका शाळेत नववीला इतिहासाचा प्रकल्प मिळाला: आपल्या वस्तीतल्या एखाद्या माणसाने पाहिलेला देशाचा इतिहास. अक्षताने शेजारच्या सुगंधाआजीला गाठलं. आजी पूर्वी गिरणीत कामाला होती आणि महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात चालली होती.

आजीने तासभर सांगितलं. तेल मिळेना, रेशनवर किडकं धान्य, मग बायका लाटण्यांनी थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. "एकाहत्तर साल गो. लढाई चालू होती, खिडक्यांना काळे कागद लावलेले."

अक्षता दोन शनिवार वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसली. मोर्चाच्या बातम्या सापडल्या, पण सगळ्या बहात्तरपासून पुढच्या. ती इतिहास शिकवणाऱ्या ऋता मॅडमकडे गेली.

"मॅडम, आजीचं साल चुकतंय. गुपचूप बदलू?"

"गुपचूप नाही. त्यांना जाऊन विचार."

साल चुकल्याचं ऐकून आजी भडकलीच. "माका शिकवतंस? मोर्चात मी होते की तू?"

अक्षताला रडू येत होतं, पण ती उठली नाही. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आजी, सोबत कोण होतं तुझ्या?"

"गिरणीतली जानकी होती. आणि सीताराम पोटात, सातवा महिना. सासू नको म्हणत होती, तरी गेले."

"सीतारामकाकांचा जन्म कधीचा?"

"त्र्याहत्तरचा, जानेवारी..." आजीने बोटांवर महिने मागे मोजले. पुन्हा मोजले. मग खो खो हसत सुटली. "म्हणजे बहात्तरच! दिवाळीच्या सुमाराचं. काळे कागद आदल्या सालचे. दोन्ही एकत्र झालं बघ डोक्यात."

अक्षताने तक्त्यावर सगळं लिहिलं: आजीला काय आठवत होतं, वर्तमानपत्रात काय मिळालं, आणि साल कसं ठरलं.

शाळेतल्या प्रदर्शनाला आजी इस्त्रीची साडी नेसून आली. सीतारामकाकाही आले. तक्ता वाचून ते आईकडे वळले. "आई, सात महिन्यांची गरोदर असताना? कधी बोलली नाहीस."

"विचारलंस कधी?"

तेवढ्यात पाहुणे जवळ आले. आजीने अक्षताला हाताला धरून पुढे केलं. "मी चालले ते खरं, पण साल माझं चुकलं होतं. हिने माझ्या तोंडावर सांगितलं. घाबरली होती, तरी सांगितलं."

ऋता मॅडमनी टाळी वाजवली. अक्षता ताठ उभी राहिली आणि पाहुण्यांना पहिल्या ओळीपासून तक्ता समजावून सांगू लागली.