ओळख पटली नाही

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी पोवळ्याचा पांढरा, फांद्याफांद्यांचा तुकडा पेल्यातल्या अमृतजलात सोडला आणि पेला बुडबुड्यांनी फसफसला. "श्वास घेतंय," बाबा म्हणाले. लोकांनी आपापला श्वास रोखून धरला.

मागे, आपल्या थोरल्या बहिणीशेजारी, संग्रहालयातली बाई बसली होती. पोवळी ओळखून त्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्यात तिची वीस वर्षं गेली होती. ताईने परवापासून फिटच्या गोळ्या बंद करून हेच पाणी सुरू केलं होतं. म्हणूनच धाकटी आज तिच्याबरोबर आली होती.

व्यासपीठावर एक भलामोठा फोटो टांगला होता. संग्रहालयातल्या अशाच एका पोवळ्याखालची चिठ्ठी, बाईच्याच अक्षरातली: 'ओळख पटली नाही.'

"शास्त्राने हात टेकले," बाबा म्हणाले. "ज्याला माणसाने नाव दिलं नाही, ते देवाचं."

बाई उठून पुढे गेली. पोवळ्याची एकच जात शांत पाण्यात फांद्या फोडते, लाटांत चपटी होते, आणि दोन निराळ्या जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, हे तिने जमेल तसं सांगितलं. बाबांनी हसून तुकडा तिच्या हातात ठेवला. मग हे कोणतं, एवढंच सांगा, म्हणाले.

एखादं नाव ठोकून दिलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण सवय वाईट.

"नुसतं बघून नाही सांगता येत," ती म्हणाली. सभागृह खदखदून हसलं.

मग तिने आपल्या जेवणाच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्याचं टरफल काढून त्याच पेल्यात टाकलं. तेही फसफसलं. पाण्यात आंबट मिसळलंय, टरफल काय नि पोवळं काय, दोन्ही चुन्याचीच, आणि असला चुना आंबटात फसफसतोच, हे तिने ओरडून सांगितलं. दोनचार माणसं माना उंचावून पेल्याकडे बघू लागली.

"अंड्यातही जीवच असतो, बाई," बाबा म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

घरी ताई म्हणाली, "पाणी आंबट लागतं, ते खरं. पण तुला त्याचं नाव कुठे सांगता आलं?"

"नाही आलं. माहीत नसलं की मी माहीत नाही म्हणते, ताई. म्हणून तरी माझं ऐक. सगळं माहीत असणाऱ्याला निदान एकदा विचार, कशावरून? तोवर गोळी घे."

ताईने गोळी घेतली, पाठ फिरवली, पाणी प्यायली. गिळली की मुठीतच ठेवली, ते धाकटीला नुसतं बघून सांगता आलं नाही.