पाय : पाच

मी सरकारी कचेरीतली खुर्ची बोलतेय. माझे पाय मोजून झाले असतील तर पुढचं सांगते. हो, पाचच आहेत. चार कोपऱ्यांना चार आणि एक मधोमध.

माझा जन्म याच गावातल्या एका सुताराच्या दुकानात झाला. दुकान कसलं, माशा मारायचं ठिकाण झालं होतं. लोक बाहेरून आलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेत आणि मिस्त्री नुसता रंधा पुसून ठेवी. आणखी दोन महिने असेच गेले असते, तर दुकानाला कुलूप लावून त्याला परगावी मेहुण्याच्या कारखान्यात राबावं लागलं असतं. मेहुण्याच्या हाताखाली! त्यापेक्षा वनवास परवडला.

तेवढ्यात नवं धोरण निघालं. कचेरीचं सामान आधी गावातल्याच कारागिराकडून घ्यायचं, मात्र ते निविदेत लिहिल्याबरहुकूम हवं. लगेच दोनशे लाकडी खुर्च्यांची निविदा निघाली. तीत लिहिलं होतं, 'पाय : पाच'. पाच पायांच्या फिरत्या खुर्चीचा जुना कागद कचेरीतल्या बडे बाबूंनी तसाच उतरवला होता.

मिस्त्री विचारायला गेला. बाबू म्हणाले, "आमच्याकडे चूक होत नाही. झालीच तर शुद्धिपत्रक निघतं. तोवर लिहिलंय तसं करा."

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, लोक पाय ओढतात आणि तुम्ही जोडत बसलात," ती म्हणाली. पण मला घासून गुळगुळीत केलं ते तिनेच.

नमुना म्हणून मला तपासणीला नेलं, तेव्हा माझ्या शेजारी एका बड्या कंपनीची खुर्ची होती. काय तिची चकाकी! माझ्या पायांकडे बघून नाक मुरडत होती. साहेबांनी 'एक पाय कमी' असा शेरा मारून तिला परत धाडलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पण मीही नापास झाले असते, तर निविदा पुन्हा निघायला वर्ष गेलं असतं आणि मिस्त्री मेहुण्याकडे.

साहेब वाकले. त्यांनी माझ्या मधल्या पायाखालून कागद सरकवला. तो आरपार निघाला. पाचही पाय टेकले तर खुर्ची डुगडुगते, म्हणून मिस्त्रीने तो केसभर आखूड ठेवला होता.

"हा टेकत नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, पाय पाच हवेत असं लिहिलंय. पाचही टेकावेत असं लिहिलेलं नाही."

साहेबांनी निविदा उलटसुलट करून पाहिली. "मग हा करतो काय?"

"काही नाही साहेब. कामावर आहे, एवढंच."

सगळी कचेरी एकदम फायलींत डोकं घालून बसली. मी पास झाले.

दुकानात पुन्हा भुसा उडू लागला. बायकोने आपल्या भावाला फोन करून, हे येणार नाहीत, कामं फार आहेत, असं ऐटीत कळवलं.

वर्षाने शुद्धिपत्रक आलं. 'पाच'ऐवजी 'चार' वाचावे. झालं! दोनशे पाय कापायचं ठरलं, आणि धोरणाप्रमाणे तेही काम गावातल्याच कारागिराला मिळालं. काल मिस्त्री करवत घेऊन आला. माझ्या बहिणींचे पाय कापले, पण मला हात लावता आला नाही. मी मोहोर लावून जपलेला, मोहोरबंद नमुना आहे; त्यात बदल करायचा नसतो. भांडारात असते, गळ्यात पाटी, 'बसू नये'.

दुपारी मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं, पाटी उलटी केली आणि माझ्यावर बसून डबा खाल्ला. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणी बसलं, आणि तेही ज्याने मला घडवलं त्यानं. मला भरून आलं.

तुम्हीही कधी भांडारात आलात, तर उभे राहू नका. पाटी मी लिहिलेली नाही. बसा.