लाल पेन्सिलीचं वाचन

त्या चैत्रात नदीला पाणी कमी, तारेत विजेचा दाब त्याहून कमी, आणि सातारा-सांगलीच्या मळ्यांत मोटरी लाह्यांसारख्या फुटत होत्या. जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरणारे बारा जण होते. बारा गावांचे, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांच्यात एक वही फिरायची. कुठल्या मोटरीला किती वेढे, कसली तार, हे ज्याला उमगलं त्यानं लिहायचं आणि एसटीच्या कंडक्टरकडं देऊन वही पुढच्या गावाला धाडायची. नवरा गेल्यावर कराडचं दुकान अंजनानं या वहीवरच तगवलं होतं. वही म्हणजे तिची विहीर.

त्या विहिरीत आता घाण पडू लागली होती.

‘पाच हॉर्सच्या मोटरीला हंबीररावांच्या आकड्यातले दोन वेढे कमी केले, तर कमी दाबातही मोटर टिकते,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा त्यावर लाल पेन्सिलीची काट होती आणि खाली, अर्धी वही ज्यांनी भरली होती त्या हंबीररावांचं अक्षर: ‘बाईनं भाकरी मोजाव्यात, वेढे न्हाईत.’ त्याखाली आणखी तिघांनी हात धुऊन घेतले होते. दोघांनी तर अशा शेऱ्यांना कंटाळून वही सोडलीच.

तिनं वही सांभाळणाऱ्या मिरजेच्या नाथाजींना पत्र टाकलं. ‘नियम करा, न्हाईतर माझं नाव खोडा.’

म्हणून आज नाथाजींच्या दुकानात बैठक होती. शेजारच्या सतारवाल्याकडं कुणी सतारीचा भोपळा घासत होतं. खर्र खर्र.

“नियम?” हंबीरराव मांडी ठोकून हसले. “ही वही हाय का बालवाडी? अर्धी पानं माझी हायती, नाथाजी. ध्यानात ठेवा.”

“आवं, पण माणसं चाललीत सोडून—” नाथाजी म्हणाले.

“जाऊ द्या की. कामाचं तेवढं ऱ्हातंय.”

अंजना उभी राहिली. पदर घट्ट धरला होता, आवाज मात्र सैल सोडला. “एकच नियम. वहीत दुसऱ्याबद्दल लिवायचं ते त्याच्या तोंडावर उभं ऱ्हाऊन वाचता यायला पायजे. वाचवत न्हाई ते लिवायचं न्हाई.”

“एवढंच व्हय?” हंबीररावांनी वही ओढली, उभे राहिले आणि फडावरच्या शाहिरासारखा गळा लावला. भाकरीचं वाचलं, तिच्या डोळ्यांत बघत. दोघं-तिघं हसले. तिला वाटलं, आपलाच नियम आपल्यावर उलटला. मग पुढ्यातल्या बिराप्पाबद्दल लिहिलेलं वाचलं, “मेंढरामागं जा, गड्या, मोटर तुजं काम न्हाई.” बिराप्पानं मान खाली घातली.

हंबीररावांनी पान उलटून पुढचा शेरा वाचला, “कोंडीबा, वेढे चुकलं! डोळं फुटलं काय रं?”

“एक फुटलाय,” कोपऱ्यातून आवाज आला. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला माणूस बसला होता. सरळ इस्पितळातूनच आलेला. “मोटरीचं गरम वार्निश उडालं. दुसरा हाय अजून. वाच फुडं.”



हंबीररावांचं तोंड उघडंच राहिलं. कोंडीबाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं; तो बैठकीतच बसलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. माफीचा शब्द ओठापर्यंत आलेला अंजनानं पाहिला, आणि गिळलेलाही पाहिला. मग त्यांनी आपली पानं टराटरा फाडली, खिशात कोंबली आणि चपला पायांत अडकवल्या.

“घाला आता नियमाची पूजा!”

ते गेल्यावर वहीवाल्यांतलाच सयाजी तिच्यावर उखडला. “झालं समाधान, बाई? नियम गावला, आकडं गेलं!”

 अर्धी विहीर खरंच आटली होती. तिनं वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला, खाली सही केली, आणि कोरं पान उलटलं.

“ज्याला जे आठवतंय ते सांगा. पाच हॉर्सपासनं.”

 कोंडीबानं घोगऱ्या आवाजात आकडा सांगितला. तिच्या हिशेबानं तो चुकीचा होता, दोन वेढे जास्त. लेखणी थांबली.

“कोंडीबादादा,” ती त्याच्याकडं वळून म्हणाली, “मी यापरीस दोन वेढे कमी भरते. एकदा भरून बगता?”

“बगतो,” कोंडीबा गुरकावला. “दोनी आकडं लिव.”

तिनं दोन्ही लिहिले.