प्रोकोपबुवांची शिळा आणि कोटाचं बटण

चेक देशाच्या मोराव्हिया प्रांतातल्या एका लहानशा शहरात दर रविवारी सकाळी सांस्कृतिक भवनात माशांचा बाजार भरतो. काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मासे घालून, बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून माणसं येतात, मासे विकतात, सॉसेज खातात आणि एकमेकांच्या माशांना नावं ठेवतात. त्या रविवारी मात्र सॉसेजवाला नुसताच बसून होता. सगळी गर्दी कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती लोटली होती.

टेबलामागे प्रोकोपबुवा. विहीर कुठे खणायची ते सांगून हा माणूस पोट भरायचा. लोकांनी विहिरी खणणं सोडलं, तसा तो माशांकडे वळला. खिशातल्या घड्याळाची साखळी बरणीवर लोंबकळवून त्याने डोळे मिटले.

"बाई, तुमच्या फरशीखालून पाण्याची शीर गेलीय. आंधळी शीर. तीच माशांना डसते."

"पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"तरीच म्हटलं, एवढा जोर कसा!"

गर्दी गहिवरली.

शहरातल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके यायचे, मासे दगडांवर अंग घासायचे, धापा टाकायचे आणि मरायचे. प्रोकोपबुवांकडे त्यावर शिळा होती, म्हणजे कुठल्याशा पवित्र झऱ्यातला गोटा. ती टाकीत ठेवायची. एरवीचे सगळे उपाय सोडायचे: हीटर बंद, मीठ बंद, औषध तर मुळीच नाही, नाहीतर शिळा रुसते. आणि खरंच, दोन-तीन दिवसांत मासे लख्ख व्हायचे! आठवड्याभराने ठिपके दुपटीने परत आले, तर त्याचंही उत्तर तयार असायचं. घरात कुणाला तरी शंका आली असणार.

"माझे बरेच गप्पी मासे मेले," गोगलगायी विकणाऱ्या यार्मिलाबाई अभिमानाने सांगत होत्या, "पण काय सांगू, मरताना अंगावर एक ठिपका नव्हता!"

व्लास्ता हे ऐकत मागे उभी होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, म्हणजे शंका घेणं हा तिचा धंदाच. म्हणूनच तिच्या वडिलांनी, अलोइसनी, तिला तळघरात यायला मनाई केली होती. तळघरात आईचे काळे एंजल मासे होते. आईने वर्षानुवर्षं निवडून निवडून तो वाण तयार केला होता. आई गेली, आणि आता त्यातली शेवटची जोडी आणि तिची काही पिल्लं एवढीच उरली होती. त्या जोडीच्या अंगावर दुसऱ्यांदा ठिपके आले, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "पोरी, रागावू नकोस. पण तू आत आलीस की शिळा काम करत नाही."

आज तेच अलोइस रांगेत उभे होते. हातातल्या बरणीत ती जोडी, आणि मादी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होती.

व्लास्ता पुढे झाली. कागदात गुंडाळलेल्या दोन बरण्या तिने टेबलावर ठेवल्या आणि तोंडाकडचा कागद तेवढा बाजूला केला. आत यार्मिलाबाईंचे उरलेले गप्पी होते.

"बुधवारी दोन्हींतले मासे ठिपक्यांनी भरलेले होते. यार्मिलाबाई साक्षीला आहेत. आता बघा."

दोन्हींत एकही ठिपका नव्हता. टाळ्या पडल्या.

"एका बरणीच्या तळाशी तुमची शिळा आहे," व्लास्ता म्हणाली. "कुठल्या, ते सांगा की, बुवा. जमिनीखालचं पाणी दिसतं तुम्हाला. हा तर वर्तमानपत्राचा कागद."

साखळी डावीकडे डोलली, उजवीकडे डोलली, आणि उजव्या बरणीवर गरगरा फिरू लागली. "हीच! बोटांना चटके बसतायत!"

व्लास्ताने त्या बरणीचा कागद उलगडला. तळाशी एक तपकिरी बटण होतं.

"हे माझ्या कोटाचं," अलोइस म्हणाले. "मी शोधत होतो."

"शेजारच्या बरणीतली शक्ती टेबलातून झिरपली!" प्रोकोपबुवा ओरडले.

"मग टेबलच विकत घेऊ या ना," सॉसेजवाला म्हणाला, आणि पहिल्यांदा गर्दी हसली.

व्लास्ताने पिशवीतून शाळेचा सूक्ष्मदर्शक काढला, बटणाच्या बरणीतला गाळ काचेवर घेतला आणि वडिलांना जवळ बोलावलं. "बाबा, बघा."

अलोइस वाकले. एका गोल पारदर्शक पिशवीत शेकडो बारके जीव वळवळत होते.

"ठिपका म्हणजे हा किडा. माशाच्या कातडीखाली बसून खातो, टपोरा झाला की आपणहून गळून तळाशी पडतो. मासा लख्ख दिसतो, पण खाली अशा पिशवीत त्या एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा माशावर चढतात. बुवा ठिपके टपोरे झाल्याशिवाय शिळा देतात का? नाही. 'मुहूर्त नाही' म्हणून परत पाठवतात. औषध ना कातडीखालच्याला लागतं, ना पिशवीतल्याला. मोकळा पोहतो तेव्हाच तो मरतो. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही सगळे आभार मानत औषध बंद करून बसता."

प्रोकोपबुवांना अचानक कुठेतरी विहीर आठवली. साखळी खिशात टाकून ते निघाले.

 अलोइस बरणी छातीशी धरून म्हणाले, "चल. हीटरचं बटण मला नीट दिसत नाही."

तळघरात पाणी हळूहळू कोमट झालं, औषधाने हिरवट झालं. नर वाचला नाही. मादी वाचली, आणि तिच्याबरोबर मागच्या विणीची काही पिल्लं. एका सकाळी त्यांच्या अंगावरचे ठिपके नाहीसे झाले. अलोइसनी आनंदाने औषधाची बाटली कपाटात ठेवायला उचलली, आणि त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"गेले नाहीत," ते म्हणाले. "पडलेत."

आणि त्यांनी त्या दिवसाचे थेंब मोजून टाकले.

तुमच्या घरी मासे नसतील. पण कुणी दुखणं चुटकीसरशी नाहीसं करून दाखवलं, तर हात जोडण्याआधी एकदा तळाशी काय पडलंय ते बघा. आणि शंका घेणाऱ्या लेकीला दार बंद करू नका.