उजवा खांदा

कोटाच्या उजव्या खांद्यात हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. तिनं हात बाहेर काढला आणि पुन्हा घातला. शंकाच नको. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कुणीतरी कापसाचं पॅड बसवलं होतं, चांगलं जाडजूड, कडेकडेला पातळ करत आणलेलं. तिनं कोट उलटा करून खिडकीपाशी नेला. अस्तराची शिवण उसवून परत घातलेली होती आणि टाके इतके बारीक होते की शोधावे लागत होते. असे टाके या दुकानात एकच माणूस घालत असे. तो माणूस या क्षणी बाहेरच्या खोलीत, नुकताच पुसलेला आरसा पुन्हा पुसत होता.

"मास्तर, माझ्या कोटाला हात कुणी लावला?" तिनं आतूनच विचारलं.

"मीच लावला. शनिवारी तू जेवायला गेली होतीस तेव्हा." मास्तरांचा आवाज अगदी निवांत होता. "उजवा खांदा भरायचा राहिला होता तुझ्याकडून. म्हटलं, स्वतःचं काम, घाईत विसरली असशील."

विसरली! बावीस वर्षांत ती एक काज विसरली नव्हती, आणि म्हणे खांदा विसरली. तिला हसावं की ओरडावं ते कळेना. बरं, माणसानं वाईट हेतूनं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मास्तरांनी थरथरत्या हातांनी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, जीव ओतून ते पॅड बसवलं होतं.

मास्तरांचं दुकान कोटांचं होतं, पण खरं सांगायचं तर ते चालत होतं झाकाझाकीवर. जगात सरळ माणूस जन्मलेला नाही, हे मास्तरांचं ठाम मत. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचं एक कंबरेचं हाड वर. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, गुपचूप भरून द्यायचं. त्यासाठी दुकानाची एक रीत होती. मास्तर बाहेर माप घेताना दोन्ही खांदे मोजत, पण मोठ्यानं सांगत एकच. दुसऱ्यातला फरक ते काउंटरवर बोटानं टकटक करून कळवत. एक टकटक म्हणजे पाव इंच. पडद्यामागे बसलेली ती वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तेवढे ठिपके द्यायची. गिऱ्हाईक आरशात बघून खूश होऊन घरी जायचं आणि त्याला कधी पत्ता लागायचा नाही. गावातल्या निम्म्या प्रतिष्ठित मंडळींचे ठिपके तिला तोंडपाठ होते.

तिचे स्वतःचे सहा. उजवा खांदा डाव्याहून दीड इंच खाली, जन्मापासून. शाळेत पोरींनी नाव ठेवलं होतं तराजू, आणि वर्गाच्या फोटोत आई स्वतः येऊन तिला कडेला, दुसऱ्या एखाद्या धष्टपुष्ट मुलीच्या आड उभी करून जायची. पुढे तिनं आपलं आपणच आडोसा शोधायला सुरुवात केली. कपडे सैल, तपकिरी, बिनरेघांचे. नजर पडली तरी कुठे ठरणार नाही असे. आरसा तिला लागे तो फक्त दुसऱ्याचा कोट बघायला.

मग मास्तरांचे हात थरथरायला लागले. टेप धरताना अर्ध्या इंचाचा घोळ व्हायला लागला, तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं की पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारपासून काउंटरवर ती उभी राहील. महिनाभर बघू, नाही जमलं तर पुतण्याला बोलावू. पुतण्याला काज कुठलं आणि बटण कुठलं हेसुद्धा दाखवावं लागलं असतं. काउंटर तिला हवा होता. इतका हवा होता, की हे तिनं घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"स्वतःला एक चांगला कोट शिव," मास्तर म्हणाले होते. "गिऱ्हाईक आधी तुला बघणार आहे."

तिनं ते अक्षरशः मनावर घेतलं. मोरपिशी रंगाचं कापड निवडलं आणि त्यावर बोटभर रुंदीचे पांढरे उभे पट्टे. मास्तरांना वाटलं, कुणा हौशी गिऱ्हाइकाचं असेल. उतरत्या खांद्याला पट्टे घालायचे नाहीत हा या धंद्यातला पहिला धडा, कारण पट्टे चुगली करतात. तिनं तो धडा बाजूला ठेवला. कापड आपल्या अंगाप्रमाणे बेतलं, पट्टे खालच्या खांद्यापासून जुळवले, आणि तिथूनच लालभडक बटणांची एक ओळ सुरू करून ती तिरकी डाव्या कंबरेपर्यंत आणली. तीन आठवडे लागले. शुक्रवारी दुपारी तिनं तो पहिल्यांदा अंगात घातला आणि आतल्या खोलीतल्या लांब आरशासमोर उभी राहिली. बटणांची ती ओळ उतारावरून मजेत धावत खाली येत होती. आरशातल्या त्या बाईचा तिला चक्क हेवा वाटला.

आता सोमवार उजाडला होता, दुकान उघडायला पंधरा मिनिटं होती आणि कोटात पॅड होतं. तिनं तो घालून बघितला. पट्टे खांद्यावर अडखळत होते, बटणं कुठूनतरी चुकून आल्यासारखी दिसत होती. खांदा मात्र झकास सरळ झाला होता. कोट कुणाचा तरी मागून आणल्यासारखा वाटत होता.

तिनं तो काढला आणि लहान कात्री घेतली.

"काय करतेस?" मास्तर पडदा सारून आत आले.

"पॅड काढतेय."

"अगं, वेड लागलंय का? पट्टे आहेत त्यावर. आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"दिसू दे."

"माझ्या दुकानातून आजवर वाकडा कोट बाहेर गेलेला नाही."

"बाहेर कुठे जातोय? काउंटरवरच राहणार आहे."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग स्टुलावर बसले आणि आवाज खाली आणला. "हे बघ, मी तुझ्या वाईटावर नाही. पण गिऱ्हाईक काय म्हणेल? हिला स्वतःचा खांदा सरळ करता येत नाही, ही माझा काय करणार? एकदा माणसं बोलायला लागली की मला पुतण्याला निरोप धाडावाच लागेल. दुकान आहे हे."

कात्रीचं टोक शिवणीत होतं. एक क्षण ती थांबली. पॅड राहू दिलं तर काउंटर तिचा होता, आजपासून, बिनबोभाट. तिनं पहिला टाका तोडला. मग दुसरा. मास्तरांचे टाके फार सुंदर होते, ते तोडणं जिवावर येत होतं, तरी ती तोडत गेली. कापसाचा गोळा निघाला तो तिनं मास्तरांच्या हातात दिला, शिवण घातली, कोट चढवला आणि सगळी बटणं लावून बाहेर गेली. तिच्या जागी, पडद्यामागे, वही आणि पेन्सिल घेऊन मास्तर बसले.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेच मोठं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पंधरा वर्षं दर दोन वर्षांनी एक गडद निळा कोट. त्या दारातच थबकल्या.

"हे काय घातलंयस?"

"कोट, बाई."

"ते दिसतंय. बेतताना चुकला का?"

"नाही. मुद्दाम असाच बेतलाय."

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तशा त्या बटणांच्या ओळीकडे बघत राहिल्या. तिचे कान तापले. उजवा खांदा सवयीनं मागे सरू पाहत होता, तो तिनं मुद्दाम पुढे आणला.

"मास्तर नाहीत?"

"आत आहेत. माप मी घेते आजपासून."

बाईंनी नाइलाजानं हात किंचित पसरले. तिनं पाठ मोजली, बाही मोजली, मोठ्यानं सांगितली. आत पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज येत होता. उजवा खांदा मोजला, सांगितला. मग डावा मोजला. पाऊण इंच खाली. वहीत गेली पंधरा वर्षं होते तेच तीन ठिपके. तिचं बोट काउंटरवर आलं. पलीकडे मास्तर कान देऊन टकटकीची वाट बघत असणार, हे तिला न बघता दिसत होतं.

"डावा खांदा," ती मोठ्यानं म्हणाली, "पाऊण इंच खाली."

पेन्सिल थांबली.

"काय म्हणालीस?" बाईंनी मान वळवली.

"तुमचा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे, बाई. आम्ही दर वेळी आतून भरून देतो. या वेळी भरायचा की नाही ते तुम्ही सांगा."

"दर वेळी?"

"पहिल्या कोटापासून."

बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मला कुणी कधी बोललं नाही."

"आमच्याकडे बोलायची रीत नव्हती."

"तीस वर्षं मी मुलींना सरळ उभ्या राहा म्हणून ओरडतेय," बाई म्हणाल्या. हे त्यांनी तिला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. त्यांनी अंगातल्या निळ्या कोटाच्या डाव्या खांद्याला हात लावला, बोटांनी जरा दाबून बघितलं आणि हात झटकन काढून घेतला. मग पर्स उचलली.

"नंतर येते मी."

दार बंद झालं. बाई रस्त्यावर दोन पावलं गेल्या आणि दुकानाच्या काचेसमोर थांबल्या. डावा खांदा उचलला, सोडला. उजवा उचलला, सोडला. आतून कुणी बघतंय हे लक्षात येताच ताडताड निघून गेल्या.

पडदा हलला. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पेन्सिल तशीच होती.

"गेल्या," ते म्हणाले.

"गेल्या."

"पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक."

"पुतण्याला निरोप धाडा," ती म्हणाली. "तुमचं दुकान आहे, तुमचा हक्क आहे. पण तो येईपर्यंत मी इथेच उभी राहणार, याच कोटात. आणि जे टेप सांगेल ते मोठ्यानं सांगणार. बावीस वर्षं मूग गिळून ठिपके दिले, मास्तर. आता नाही देणार."

काउंटरला वळसा घालून मास्तर तिच्या मागे गेले. तयार कोट गिऱ्हाइकाला देण्याआधी बघायचे तसे, लांबून आणि मग जवळून. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. खांद्याच्या शिवणीवर, पट्ट्याला पट्टा मिळत होता तिथे, त्यांचं बोट टेकलं.

"खालच्या खांद्यापासून जुळवलेस?"

"हो."

"मी वरच्यापासून जुळवले असते."

"माहीत आहे."

"जुळले नसते," मास्तर म्हणाले.

ते समोर आले. चाळीस वर्षं गळ्यात असलेली टेप त्यांनी काढली, दोन्ही हातांनी तिच्या गळ्यात घातली आणि एक पाऊल मागे झाले. टेप तिच्या उजव्या खांद्यावरून हळूहळू घसरायला लागली. ती सारखी करायला मास्तरांचा हात सवयीनं पुढे आला, अर्ध्यावर पोचला, आणि त्यांनी तो मागे घेऊन खिशात घातला.